मत्स्यविनोद

स्कॉटलंडातल्या स्पे किंवा ट्वीड नदीच्या कमरभर पाण्यात उभे राहून, लांबच लांब दोरीला चाबकासारखा झोक देत, तिच्या टोकास बांधलेली पिसांची खोटी माशी साल्मन माशाच्या नाकासमोर अलगद उतरवणे हा ज्यांना जगातील सर्वोत्तम छंद वाटतो, आणि ज्या छंदाविषयी गेल्या पाच शतकांत इंग्रजी भाषेत इतके ग्रंथ झाले की बुद्धिबळ सोडले तर दुसऱ्या कोणत्याही खेळाच्या वाट्याला तेवढी शाई आली नसेल, त्या रसिक गृहस्थांना परभणी जिल्हा दाखवायला आणावे, असे कोणाला सुचण्याचा फारसा संभव नाही. वैशाखात परभणीची हवा ४२ अंशांच्या वर तापते. गंगाखेडच्या घाटाखाली गोदावरी, जिला या काठचे लोक सरळ गंगाच म्हणतात, वाळूत दडून बसते आणि ठिकठिकाणच्या डोहांपुरती उरते. अशा पाण्यात या छंदाचा दुसरा मासा, ट्राउट, एक दुपारही काढणार नाही. पाणी २० अंशांपलीकडे गेले की तो अस्वस्थ होतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते, कारण दहा अंशांच्या थंड पाण्यात लिटरमागे सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, तर तीस अंशांच्या पाण्यात तो साडेसातच्या आसपास येतो. आणि वाहत्या, खळाळत्या पाण्यात वाढलेल्या या माशाची श्वासाची गरज मात्र उन्हासोबत वाढतच जाते.

म्हणून इंग्रज अंमलदारांनी आपल्या मायदेशाचा हा मासा हिंदुस्थानात आणायचा चंग बांधला तेव्हा त्यांनी अक्षांश पाहिले नाहीत, समुद्रसपाटीपासूनची उंची पाहिली. काश्मिरात फ्रँक मिचेल नावाच्या गालिचांच्या व्यापाऱ्याने, पहिली खेप वाटेतच वाया गेल्यावर, १९०० साली पुन्हा मागवलेली अंडी उबवून तेथील प्रवाहांत ट्राउट रुजवला. तिकडे दक्षिणेत, परभणीपासून शेकडो कोस खाली, निलगिरीच्या माथ्यावरील अ‍ॅव्हलांच येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची पैदास सुरू झाली. उत्तरेचा म्हणून ओळखला जाणारा मासा विषुववृत्ताच्या अधिक जवळ सुखाने नांदतो आणि मध्ये पसरलेल्या दख्खनच्या पठारावर मात्र तग धरत नाही, ही तफावत शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात सांगण्यासारखी आहे.

तरीसुद्धा हा विषय परभणीच्या माणसाने हाती घ्यावा, असे मला वाटण्यास कारण आहे. पण ते सांगण्याआधी त्या खोट्या माशीविषयी थोडे सांगणे भाग आहे. गांडूळ, कणकेचा गोळा किंवा बेडकाचे पिल्लू गळाला लावून मासा धरणे म्हणजे भुकेल्याला जेवायला बोलावून दगा देणे होय. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला चवही नसते आणि वासही नसतो. पाण्यावर तरंगणाऱ्या कीटकाचे सोंग लोकर, रेशीम आणि पिसे यांच्या साहाय्याने वठवलेले असते, आणि वजनाला शून्य अशी ती वस्तू दूर फेकता येत नसल्यामुळे दोरीच मुद्दाम जड करून तिच्या झोकाबरोबर माशी पाठवावी लागते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीवर लिहिणाऱ्या ईलियन या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळी तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला बांधून ठिपक्यांचे मासे कसे धरतात, याचे वर्णन करून ठेवले आहे. साल्मनच्या बाबतीत तर गंमत अशी की, समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत शिरलेला हा मासा नदीत असेपर्यंत काही खातच नाही. मग उपाशी राहण्याचा नेम केलेला तो प्राणी पिसांच्या गुच्छावर झडप का घालतो, याविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही, आणि त्या अज्ञानावरच या छंदाची निम्मी गोडी उभी आहे.

ती पिसे कोठून येत? साल्मनच्या जुन्या, नटव्या माश्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जी ‘जॉक स्कॉट’, तिच्या बाजूंना डोळ्यांसारखे चमकणारे जे ठिपके बसवतात ते आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेचे. या पिसांच्या टोकाला मेणासारखा चकचकीत थेंब असतो आणि तो दुसऱ्या पक्ष्यांच्या पिसांना क्वचितच असतो, त्यामुळे स्कॉटलंड आणि नॉर्वेतील नद्यांवरच्या शौकिनांसाठी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या जंगलांतून या कोंबड्यांच्या माना पेट्या भरभरून जात असत. पुढे भारत सरकारने त्यांच्या निर्यातीस बंदी घातली. मोरपिसाचा एकेक तंतू तर असंख्य माश्यांच्या अंगाला गुंडाळलेला आढळतो. चीनमधला टोंकिन बांबू मिळू लागण्यापूर्वी अमेरिकेतील कारागीर बांबूच्या कामट्या तासून आणि चिकटवून ज्या काठ्या करत, त्यांसाठी ते आपला भरीव बांबू, म्हणजे मानवेल, कलकत्ता बंदरातून मागवत. तेव्हा सामग्रीपुरते बोलायचे तर या परदेशी विलासात आमच्या मुलखाचा वाटा अगदीच नगण्य नव्हता. माल आमचा आणि मौज त्यांची, हा व्यवहार कापसापासून पिसांपर्यंत सगळीकडे सारखाच होता.

पण मला सांगायचे आहे ते याहून जुने आहे.

निलंगा-उमरग्याच्या पलीकडे, बीदर जिल्ह्यात, आज बसवकल्याण म्हणून ओळखले जाणारे गाव आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होईपर्यंत हे गाव आणि परभणी ही दोन्ही एकाच हैदराबाद संस्थानच्या, आणि संस्थान गेल्यावर त्याच नावाच्या राज्याच्या, दप्तरात नांदत होती. हीच चालुक्यांची कल्याणी नगरी. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ज्याच्या छत्राखाली लिहिली गेली त्या विक्रमादित्याच्या मागून त्याचा पुत्र सोमेश्वर तिसरा ११२७ च्या सुमारास गादीवर आला, आणि राज्यविस्तारात बापाच्या पासंगालाही न पुरणाऱ्या या राजाने दोन-तीन वर्षांच्या आतच ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ नावाचा, पाच विंशतींचा आणि शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसे मिळवावे येथपासून पापड कसे भाजावे येथपर्यंत राजाला उपयोगी पडेल ते सर्व त्यात आहे. महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात ही नोंदही याच ग्रंथातली, म्हणून मराठीच्या इतिहासकारांना त्याचे अगत्य आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी तो संपादित केला तो श्रीगोंदेकर या मराठी पंडिताने. पहिला खंड १९२५ चा.

या ग्रंथाच्या विनोद-विंशतीत, मल्लांच्या कुस्त्या, कुक्कुटांच्या झुंजी आणि मृगयेचे प्रकार यांच्या शेजारी, ‘मत्स्यविनोद’ नावाचा अध्याय आहे. राजाने गळाने मासे धरण्याचा आनंद कसा घ्यावा, हा त्याचा विषय. मासे समुद्राचे कोणते आणि नदीचे कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, त्यांपैकी थोर, मध्यम आणि लहान कोणते, अशी तीसहून अधिक जातींची वर्गवारी तो आधी लावतो. मग कोणत्या जातीला कोणते खाद्य आवडते ते सांगतो, आणि एका ठरावीक जागी ते नेमाने टाकून माशांना त्या जागेची सवय लावण्याचा उपाय देतो. त्यानंतर काठी, दोरी आणि लोखंडी गळ यांची पाळी. मासा लागल्यावर तो पळेल तेव्हा दोरी सोडावी आणि थकेल तेव्हा ओढावी, ही जी खेळवण्याची रीत ती इतक्या सफाईने सांगितली आहे की, भारतीय मत्स्यशास्त्राचे एक धुरीण सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर स्वतंत्र निबंध लिहिला. इंग्रजी भाषेतील गळविद्येचे पहिले छापील पुस्तक १४९६ चे, आणि आयझॅक वॉल्टनचा तो जगप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. सोमेश्वर त्यांतल्या पहिल्या पुस्तकाच्याही साडेतीनशे वर्षे आधीचा आहे. त्याचे आमिष मात्र खाण्याचे आहे, पिसांचे नाही. तेव्हा खोट्या माशीचे श्रेय आपण मॅसिडोनियाकडेच राहू द्यावे. आमच्याकडे सारे काही आधीच होते असे म्हणण्याची जी खोड अलीकडे बळावली आहे, तिला या लेखाने खतपाणी घालण्याचे कारण नाही.

जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे आणि गोदाकाठच्या धारासूरचे गुप्तेश्वराचे देऊळ यांवरून हात फिरवला म्हणजे तो चालुक्य-यादवांचा काळ या जिल्ह्यात अजून दगडात उभा आहे याची खात्री पटते. मत्स्यविनोद मात्र पोथीत गेला आणि पोथीतच राहिला. राजाने शास्त्र लिहिले ते संस्कृतात. नदीवर गळ टाकणाऱ्या भोयाला संस्कृत येत नव्हते, आणि ज्यांना येत होते ते पंडित माशाच्या वाटेला जात नव्हते. मरळ हा मासा हवेतही श्वास घेतो म्हणून तो वर आलेला दिसतो आणि तेथेच बेडूक लावलेला गळ टाकावा. वांब दगडांच्या कपारीत रात्री सापडते. शिवडा तोंडाने मोठा आणि बुद्धीने हावरा असल्याने त्याला लहान मासळीच जिवंत लावावी. पहिल्या पुराचे गढूळ पाणी निवळू लागले की शिंगटा काठाकडे सरकतो: ही सारी माहिती गोदाकाठच्या भोई आणि कहार वस्त्यांत मुलांना अक्षरओळखीच्या आधी होते. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तरंडा म्हणून बांधलेली दोरी आणि जवळच्या बेटातून तोडलेली काठी, एवढ्यावर ही विद्या चालते. गेळफळ कुटून डोहात टाकायचे आणि गुंगलेले मासे हाताने वेचायचे, असा आळशी मार्गही होता. सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या कायद्याने बंदी घातली ती याच प्रकारांमुळे.

या विद्येची पहिली शास्त्रीय नोंद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यास मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. लोकसंख्या आणि पिके मोजता मोजता त्याने भीमा, मुळा-मुठा या नद्यांतले मासेही जमवले आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांची यादी ठेवली, ती १८३९ मध्ये छापून आली. नव्या जातींना नावे देताना त्याने लॅटिन कोश फारसा उघडला नाही. मासेमार मंडळी जी नावे सांगत तीच त्याने जशीच्या तशी लावली, आणि म्हणून खुद्री, कोलस, नुक्ता, बोगट, पोटेल ही घाटावरच्या घाटांची बोली आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या दप्तरांत कायम झाली आहे. यांतली खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांचा हा मूळ रहिवासी.

आणि येथेच परभणीचा धागा त्या उत्तरेच्या नद्यांशी जुळतो. साल्मन-ट्राउटपासून दुरावलेल्या साहेबाला या देशात जो मासा त्यांच्या तोडीचा, किंबहुना सरस वाटला, तो महसीर होय. मद्रास इलाख्यातील एक सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहून असे प्रतिपादन केले की, सारख्या वजनाच्या साल्मनपेक्षा महसीर अधिक झुंजतो. गळ लागल्याबरोबर खडकांतून, प्रवाहाच्या जोराने, शंभर शंभर हात दोरी घेऊन तो असा धावतो की हातातली चाती जळते की काय असे वाटावे. आकाराचेच म्हणाल, तर ब्रिटनमधील गळाने धरलेला विक्रमी साल्मन १९२२ मध्ये टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने धरला तो ६४ पौंडांचा (आणि तोही खोट्या माशीवर नव्हे, हे पुरुष शौकीन हळू आवाजात सांगतात), तर म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १९४६ मध्ये कबिनी नदीत धरलेला महसीर १२० पौंडांचा होता.

साल्मनप्रमाणेच महसीरालाही प्रवास हवा असतो. पावसाळ्याचे पाणी चढले की तो उगमाकडे निघतो आणि स्वच्छ, गोट्यागोट्यांच्या, हवेने भरलेल्या उथळ प्रवाहात अंडी घालतो. वाट अडली की वंश अडला. त्याच्या उलट रीतीचा प्रवासी म्हणजे अहीर: ही ईल जातीची, सापासारखी मासळी जन्म घेते समुद्रात, आणि तिची बोटभर पिल्ले नद्यांच्या मुखातून आत शिरून शेकडो मैल चढून येतात, येथे वर्षानुवर्षे राहतात, आणि मरण्यापूर्वी पुन्हा समुद्र गाठतात. बंगालच्या उपसागरातून परभणीपर्यंत यायचे तर आज तिला १८५२ साली आर्थर कॉटनने पहिल्यांदा बांधलेल्या धवळेश्वरच्या बंधाऱ्यापासून पोचमपाड, बाभळी, विष्णुपुरी असे एकामागून एक दरवाजे ठोठावावे लागतील. आणि त्यातून जी कोणी शाबूत निघेल तिच्यासमोर जिल्ह्याच्या हद्दीतच डिग्रस, मुदगल, तारुगव्हाण, ढालेगाव हे उच्च पातळीचे बंधारे उभे आहेत. वर पैठणला १९७६ पासून नाथसागर आहेच.

पूर्णा नदीची हकीकत वेगळी नाही. अजिंठ्याच्या डोंगरात उगवून, जिंतूर तालुक्यातल्या खडकाळ पात्रातून उतरत ती कंठेश्वरापाशी गोदावरीस मिळते. येलदरीला तिच्यावर १९६८ मध्ये धरण पुरे झाले. पन्नास मीटरांहून उंच भिंत, पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजघर, आणि खाली सिद्धेश्वरचा दुसरा जलाशय. या पाण्याने परभणी-हिंगोलीची शेते भिजली, गावांचे नळ चालले, आणि दुष्काळाच्या वर्षांत येलदरीचा मृतसाठाही लोकांनी कसा पुरवून वापरला हे ज्यांनी पाहिले ते धरणाला नावे ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही.

परंतु याच काळातली दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. स्कॉटलंडातील टमेल नदीवर पिटलॉख्री येथे दुसऱ्या महायुद्धानंतर विजेसाठी धरण बांधले गेले. साल्मनची वाट अडणार म्हणून तेथील गळशौकिनांनी, ज्यांत जमीनदार होते, सरदार होते आणि पार्लमेंटचे सभासद होते, एवढा गहजब केला की जलविद्युतीच्या १९४३ च्या कायद्यातच मासळीची काळजी घेण्याचे कलम आले, आणि धरणाच्या बाजूने चौतीस कुंडांची, तीनशे मीटरांहून लांब अशी शिडी माशांसाठी बांधावी लागली. साल्मन आजही एकेक कुंड चढत वर जातो. येलदरीच्या नकाशात अशी शिडी नाही. पन्नास मीटरांच्या भिंतीला ती परवडली असती काय, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा नकारार्थीच येईल. परंतु तो विचारलाच गेला नाही, कारण विचारणारे जे होते ते भोई होते, आणि भोयाचा छंद हा छंद मानला जात नाही, तो उपजीविका मानला जातो, आणि उपजीविकेची सोय पुनर्वसनाच्या खात्यात होते.

ती सोय झालीही. जलाशयात मासेमारीचे ठेके निघाले, सहकारी संस्था झाल्या, आणि पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींची बंदिस्त पाण्यात अंडी मिळवली, त्यानंतर त्यांचे बीज गाडीभर मिळू लागले आणि देशातल्या प्रत्येक तलावाचा चेहरा सारखा झाला. परभणीच्या बाजारात आज ‘गंगेचे मासे’ म्हणून जे विकले जाते त्याचा पुष्कळ भाग अशा रीतीने खरोखरीच गंगेचा असतो. पण ती गंगा हरिद्वारची. मागाहून चिलापी आली, ती आफ्रिकेची.

महसीराचे काय झाले, तर त्याच्यासाठीही एक मराठी प्रयत्न झाला, आणि त्याची कथा सरळ नाही. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या टाटा वीज कंपनीच्या तलावांवर खुद्रीची कृत्रिम पैदास साधली. पुढे एस. एन. ओगले यांच्यासह त्यांनी असे दाखवले की या माशाची फलित अंडी ओल्या कापसात ठेवून पाण्यावाचून, अगदी विमानानेसुद्धा, दूर पाठवता येतात. वळवणच्या केंद्रातून लक्षावधी पिल्ले देशभर गेली. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली, आणि तेथील गळशौकिनांना ती इतकी मानवली की काही दशकांत कावेरीचा स्वतःचा, कुबड असलेला, सोनेरी महसीर, ज्याला शास्त्रीय नाव निश्चितपणे मिळायला २०१८ उजाडावे लागले, तो समूळ नाहीसा होण्याच्या वाटेवर आला. एका नदीची संपत्ती दुसऱ्या नदीत अतिक्रमण ठरते, हे कळायला कोणाच्याही हेतूत खोट असावी लागत नाही. ज्यांनी आपले मासे मूळ जागीच राखले त्यांची पद्धत याहून जुनी आणि स्वस्त होती: महाडजवळच्या वाळणकोंडीत किंवा वाड्याजवळ तिळशाला वैतरणेच्या डोहात महसीर देवाचा आहे म्हणून त्याला कोणी हात लावत नाही, भाविक चुरमुरे टाकतात, आणि हातभर लांबीचे मासे निर्धास्तपणे वर येतात.

गोदेच्या पात्रातील मुद्गलेश्वराच्या देवळाखाली असा डोह राखता येणार नाही असे नाही. पण डोह राखण्यासाठी त्यात पाणी हवे, आणि पाण्याचा निर्णय आता देवस्थानाचे पंच करत नाहीत. तो कालव्याच्या आवर्तनाच्या तक्त्यात होतो. आवर्तन पिकाच्या हंगामाला बांधलेले असते, माशाच्या नव्हे. आषाढात नदीने चढायला हवे तेव्हा बंधारे भरून घेण्यासाठी दरवाजे बंद असतात, आणि भरल्यावर जेव्हा ते एकाएकी उघडतात तेव्हा खाली आलेल्या लोंढ्यात मासे भिंतीच्या पायथ्याशी गोळा होऊन वर उड्या घेऊ लागतात. त्या दिवशी बंधाऱ्याखाली फेकजाळी घेऊन अर्धा गाव जमतो. गळ त्या दिवशी कोणी काढत नाही. इतका मासा समोर असताना काठी धरून बसणे या काठावर वेडेपणाचे मानतात, आणि सोमेश्वराच्या ग्रंथातही राजाने गळ कोठे टाकावा हे सांगितलेले आहे, पण माशांना पुढे जायला वाटच नसेल तेव्हा काय करावे याचा श्लोक त्यात नाही.